निळ्या टाइल्सवरची शाई

निर्मळहून कळंबच्या समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यालगत माझ्या मावसभावाची वाडी आहे. वाडी म्हणायची आपली सवय. आता तिथे एक बंगला, सहा नारळ, कुंपणाशी एक जंगली बदाम आणि मधोमध वीस फूट बाय दहा फुटांचा, चार फूट खोल, निळ्या टाइल्सचा पूल आहे. शनिवार-रविवार मुंबईची मंडळी तो भाड्यानं घेतात. मे महिन्यातल्या एका गुरुवारी रात्री त्यानं बोअर चालू करून पूल भरला. सकाळी पाणी इतकं नितळ होतं, की तळाला पडलेली केसांची पिन काठावरून दिसत होती. दुपारी क्लोरीन टाकलं, पंप सुरू केला आणि तो बाजारात गेला. संध्याकाळी मला फोन आला : ‘‘दादा, पाण्याचा चहा झालाय.’’

जाऊन पाहिलं तर खरंच चहा. बिनदुधाचा, बऱ्यापैकी कडक. पायऱ्यांच्या कडांवर आणि टाइल्सच्या पांढऱ्या सांध्यांवर पिवळट तपकिरी साय धरायला सुरुवातही झाली होती. मावसभावाचा पहिला संशय क्लोरीन विकणाऱ्यावर, दुसरा शेजाऱ्यावर. आणि उपाय ठरलेला : पूल उपसायचा, ॲसिड मारायचं, पुन्हा भरायचा.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. आदल्या वर्षी असेच डाग पडले होते तेव्हा ‘‘ॲसिड मारून टाक’’ हा सल्ला मीच दिला होता. बाथरूमच्या फरशीला मारतात तेच. डाग गेले, बघता बघता गेले. त्यांच्याबरोबर सांध्यांतलं व्हाइट सिमेंटही गेलं, आणि पावसाळ्यानंतर पायरीवरच्या टाइल्स ठोकल्या की पोकळ वाजायला लागल्या. खरखरीत झालेल्या सांध्यांत पुढचे डाग दुप्पट वेगानं बसले. म्हणून या खेपेला मी गप्प बसलो आणि आम्ही नालासोपाऱ्याहून पूलवाल्या काकांना बोलावलं. गेली कित्येक वर्षं ते अर्नाळा, राजोडी, कळंब या पट्ट्यातल्या बंगल्यांचे आणि रिसॉर्टांचे पूल राखतात.

काका आले ते रिकाम्या हातानं. पूलभोवती एक फेरी मारली, बोअर कुठे ते विचारलं, बदामाच्या झाडाकडे वर बघितलं आणि मावसभावाला म्हणाले, ‘‘शेठ, मेडिकलमधून लिम्सीची एक पट्टी आणा.’’ मावसभावाला वाटलं, काकांना सर्दी झालीय.

गोळी आली. काकांनी बाही वर करून पाण्याखालच्या दुसऱ्या पायरीवर, डाग सर्वांत गडद होता तिथे, ती गोळी मिनिटभर दाबून घासली. हात काढला तेव्हा तिथे रुपयाएवढा निळा गोल होता. आजूबाजूला तपकिरी आणि मध्ये टाइलचा मूळ रंग, जणू कुणी खिडकी उघडली. ‘‘लोखंड,’’ काका म्हणाले. ‘‘शेवाळ असतं तर क्लोरीनच्या गोळीनं गेलं असतं, सी व्हिटॅमिननं नाही.’’

यात जादू काही नाही. जमिनीच्या पोटात खोलवर हवा पोचत नाही, तिथे लोह पाण्यात साखरेसारखं विरघळलेलं असतं. त्याला रंग नसतो. पाणी वर आलं, हवा लागली, की ते हळूहळू गंजतं. क्लोरीन टाकलं की तेच काम काही तासांत उरकतं. गंज लोखंडाला चढतो असं आपण म्हणतो, इथे तो पाण्यालाच चढतो. क व्हिटॅमिन, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, नेमकं उलटं करतं : गंजलेलं लोह पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणतं. क्लोरीनवाला निर्दोष होता. त्यानं फक्त पाण्यात आधीपासून असलेलं उघडं पाडलं.

बोअरच्या पाण्यावर कपडे धुणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवायला नको. पांढरा सदरा तिसऱ्या-चौथ्या धुण्याला पिवळट पडतो आणि त्याच पाण्याचा चहा काळपट दिसतो. माझी मावशी त्या चहाला नावं ठेवून पिण्याचं पाणी विहिरीवरून आणायची. विहीर उघडी, उथळ, हवा खेळती. तिच्यातलं लोह बरंचसं आधीच गंजून तळाला बसलेलं. मावशीला लोह-बिह माहीत नव्हतं, पण कुठलं पाणी कशाला हे पक्कं ठाऊक होतं.

आणि विहिरीच्या आधी बावखल. वसईबाहेरच्या वाचकासाठी सांगतो : बावखल म्हणजे वाडीत हातानं खणलेलं डबकेवजा तळं. दोनचार घरांचं सामाईक, कडेला केळी आणि माड, पाण्यावर हिरवी साय, आत बेडूक आणि डाकू मासे. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर द्यायचं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला पलीकडेच थोपवून धरायचं. पानवेली, केळी, भाजीपाला सगळं त्यावर. आमच्या मावसभावाचा पूल जिथे आहे तिथेच पूर्वी त्यांचं बावखल होतं. बुजवायला डंपरभर डंपर माती लागली आणि काही वर्षांनी त्याच जागेत पुन्हा खड्डा खणून निळ्या टाइल्स लावल्या. पाण्याच्या जागी पाणीच आलं, पण मधली साखळी तुटली.

ही साखळी का तुटली, तो एका वाडीपुरता विषय नाही. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. तीन बाजूंनी खारं पाणी असलेल्या पट्टीत गोड पाणी ही पावसानं दिलेली ठेव असते. ती टँकरनं विकायला सुरुवात झाली आणि विहिरी मचूळ होऊ लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती या टँकर-व्यवसायाशी आणि बेसुमार बांधकामाशी झुंजायला. १९९० मध्ये या भागाच्या नियोजनाचा अधिकार सिडकोकडे गेला, २००९ मध्ये महापालिका आली, २०१४ मध्ये आपण ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात आलो. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. आता सूर्या प्रादेशिक योजनेतून धामणी धरणाचं पाणी येतं. रोजच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या या योजनेत वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटरचा ठरलेला, बाकी मीरा-भाईंदरचा. पण ते पाणी पिण्यासाठी आहे. वाडीतला पूल भरायचा तो बोअरनं नाहीतर टँकरनं, आणि बोअर जितकी खोल जाते तितकी ती गाळाखालच्या काळ्या कातळातलं, लोह-मँगनीज सोबत घेतलेलं पाणी वर काढते.

तेव्हा पूलच्या तळावरचा डाग हा घाणीचा पुरावा नसतो. पाणी कुठून आलं त्याचा पत्ता त्यावर लिहिलेला असतो. तो आधी वाचायचा, मग पुसायचा. काकांचं निम्मं काम हे वाचण्याचंच.

पायऱ्यांवरचा पिवळा डाग वाचून झाला, पण पूलच्या एका कोपऱ्यात, बदामाखाली, काळे निळसर ठिपके होते. पंजाएवढे, पानाच्या आकाराचे, काहींत मधली शीरही उमटलेली. मला ते शेवाळ वाटलं. काकांनी तिथे लिम्सी घासली, डाग अर्धवट फिका झाला. मग क्लोरीनची गोळी फडक्यात धरून घासली, उरलेला गेला. ‘‘दोघांचं मिळून आहे,’’ ते म्हणाले आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळले. मी मात्र तिथेच अडकलो, कारण दोघांचं मिळून जे होतं ती शाई होती.

आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांचा संबंध फार जुना. हिरड्यात टॅनिन असतं, हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. दोन्ही एकत्र आले की काळा रंग उभा राहतो. कलमकारीचे कारागीर कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात आणि मग गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून केलेल्या द्रवानं त्यावर काळ्या रेघा काढतात. मावशीचा काळपट चहाही त्याच जातीचा. चहातलं टॅनिन आणि बोअरचं लोह. आणि समुद्रकाठच्या बंगल्याबंगल्यांत सावलीसाठी लावलेला जंगली बदाम हा वनस्पतिशास्त्रात हिरड्याचा सख्खा भाऊ, एकाच कुळातला, एकाच प्रजातीचा. त्याची तांबडी झालेली जाड पानं पूलमध्ये पडतात, तळाशी बसतात, टॅनिन सोडतात. पाण्यात लोह तयारच असतं. रात्रभरात पानाची सही उमटते. लोह नसलेल्या पाण्यात तेच पान पडलं तर नुसता तपकिरी डाग पडतो आणि क्लोरीननं दोन दिवसांत विटून जातो. म्हणून बदाम तोडायची घाई करू नका. संध्याकाळी जाळीनं पानं काढणं पुरतं. शेवटी त्या झाडानं मावसभावाचं वीजबिलही वाचवलं आहे, सावलीच्या रूपानं.

काळा डाग आणखी एका कारणानं पडतो : मँगनीज. तो काळसर जांभळा असतो, पसरट असतो, पानाचा आकार त्याला नसतो आणि लिम्सीला तो इतक्या सहजी दाद देत नाही. आमच्याकडे तो नव्हता.

पुढचा किस्सा मात्र शेजारच्या पूलचा, जिथे काका त्याच दिवशी जाणार होते. मीही मागोमाग गेलो. तिथे पाणी स्वच्छ, पण सांधे हिरवट निळे. देवघरातल्या न घासलेल्या तांब्याच्या लोट्याला चढतो तसा रंग. मालकीणबाईंची तक्रार वेगळीच होती : सुट्टीत आलेल्या नातीचे भुरे केस हिरवट झाले, क्लोरीन फार टाकता का? काकांनी स्टोअर-रूम उघडायला सांगितली. कोपऱ्यात मोरचुदाची पिशवी.

वसईच्या पानवेलवाल्याला मोरचूद नवा नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे बोर्डो मिश्रणाचं माप इथल्या जुन्या माणसांना पाठ. बुरशी मारतो, तसं शेवाळही मारतो. म्हणून पूलमध्ये टाकायची प्रथा पडली. पण शेतात पाऊस पडतो, माती असते. पूलमधलं पाणी उन्हानं उडून जातं, तांबं मागे राहतं. मोरचुदात जवळपास पाव भाग तांबं. आमच्या मापाच्या, म्हणजे साधारण २२,६५० लिटरच्या पूलमध्ये शंभर ग्रॅम टाकला तरी लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या वर तांबं होतं. आणि बाई म्हणाल्या, माळी दर पंधरवड्याला मूठभर टाकतो. पीएच चढला की ते तांबं पाण्यातून सुटून सांध्यांवर बसतं. केस हिरवे करणारंही तेच. क्लोरीन बिचारं इथेही फुकट बदनाम. काकांनी लिंबूसत्त्वाची पुरचुंडी फडक्यात बांधून डागावर धरली, थोड्या वेळानं सांधा पांढरा. पितळ-तांब्याला चिंच लावणाऱ्या आजीनं हेच केलं असतं. मोरचुदाची पिशवी मात्र बाईंनी माळ्याच्या हातात न देता स्वतः उचलून कपाटात ठेवली, यावरून त्यांना मुद्दा कळला असं मी समजतो.

पाण्याच्या रेषेवर, टाइल्सच्या सर्वांत वरच्या ओळीत, पांढरा खरखरीत पट्टा असतो तो क्षारांचा. त्यावर लिंबू पिळलं की फसफसतं, एवढी खूण पुरे. तो ओला असताना, दर आठवड्याला, घासणीनं काढला तर निघतो; वर्षभर वाढू दिला तर छिन्नी मागतो. ब्लीचिंग पावडर थेट पाण्यात भिरकावणाऱ्यांकडे तो जास्त, कारण त्या पावडरीत चुना असतोच. धुळवडीला रिसॉर्टांच्या पूलमध्ये जे रंग येतात त्यांच्याविषयी काका फक्त हात जोडतात.

आमच्या पूलवर परत आलो तेव्हा काकांनी त्या केसांच्या पिनेकडे बोट दाखवलं. ती उचलली, खाली तिच्याच लांबीचा तांबूस डाग. लिम्सीनं गेला. पण पंपाकडच्या भिंतीवर तसाच एक, लिंबाएवढा, गोल डाग होता. तोही घासल्यावर फिका झाला. काका तरी समाधानी दिसेनात. ‘‘मागच्या वर्षी इथंच होता ना?’’ होता. ‘‘मग हा पाण्याचा नाही, सळईचा.’’ खारी हवा, बांधकामाला कधी कुठून आलेली वाळू, सळईवर सिमेंटचं पांघरूण तोकडं. आतलं लोखंड गंजून टाइलच्या सांध्यातून बाहेर झिरपतंय. एकाच जागी, पुन्हा पुन्हा, ठिपक्यासारखा येणारा गंज दिसला की औषधांचा नाद सोडायचा आणि गवंड्याला बोलवायचं. तेवढा भाग फोडून, सळई साफ करून, नीट बुजवून घ्यायला हवा. पृष्ठभागाला कितीही औषध चोळलं तरी गंज आत चालूच राहतो, फुगतो आणि एक दिवस टाइल ढकलून बाहेर टाकतो.

आता उपाय. काकांनी आधी क्लोरीन बंद करायला लावलं आणि ते जवळपास शून्यावर येऊ दिलं, पीएच ७.२ च्या आसपास आणला, पंप चालू ठेवला. मग ॲस्कॉर्बिक ॲसिडची पावडर. सुमारे ३८,००० लिटर पाण्याला साडेचारशे ग्रॅम हे प्रचलित माप. आमच्या पूलला पाव किलोच्या थोडं वर. ती पायऱ्यांच्या कडेनं भुरभुरली. तासाभरात तळ निळा. मावसभाऊ एवढा खूश झाला, की त्यानं काकांचं पुढचं बोलणं ऐकलंच नाही.

पुढचं बोलणं असं होतं : डाग गेला, लोह गेलं नाही. ते पाण्यात परत विरघळलंय, एवढंच. आता त्याला बांधून ठेवणारं औषध टाकायचं, ज्याला हे लोक ‘सिक्वेस्टर’ म्हणतात. आणि क्लोरीन हळूहळू, दोनतीन दिवसांत, चाचणी घेत वाढवायचं. पण शनिवारी बारा जणांचं बुकिंग होतं. मावसभावानं शुक्रवारी रात्री दुप्पट क्लोरीन ओतलं. शनिवारी सकाळी पाहुणे आले ते चहाच्या काठावर. बुकिंगचे पैसे परत गेले.

दुसऱ्या खेपेला त्यानं ऐकलं. लोह मुद्दाम गंजू दिलं, तुरटी फिरवली, पंप बंद करून रात्रभर पाणी निवळू दिलं आणि सकाळी तळाला बसलेला तपकिरी गाळ व्हॅक्यूमनं ओढून, फिल्टरमध्ये न पाठवता थेट बाहेर सोडला. चार बोटं पाणी गेलं, तेवढंच. उरलेलं त्याच पूलमध्ये राहिलं.

पूर्ण उपसायला काका तयार नव्हते, त्याची दोन कारणं. पहिलं त्यांनी सांगितलं. पावसाळ्यात आमच्याकडे जमिनीतलं पाणी हातभर खोलीवर येतं. २०१८च्या जुलैत तर ते जमिनीच्या वरच आलं होतं आणि लोकल बंद पडल्या होत्या. भरलेला पूल त्या पाण्याला वजनानं दाबून धरतो. रिकामा केला तर तो होडी होतो. बाहेरचं पाणी तळापेक्षा एक मीटर वर असेल तर दर चौरस मीटरला एक टन जोर खालून वर. वीस बाय दहाच्या तळाला साडेअठरा टन. तळ फुगतो, भेगा पडतात, कधी अख्खा हौद उचलला जातो. जिथे पूर्वी बावखल होतं तिथे तर हमखास, कारण पाणी आपली जागा विसरत नाही.

दुसरं कारण माझं. आमचा पूल म्हणजे दहा हजार लिटरचे सव्वादोन टँकर. नालासोपारा पूर्वेला अख्ख्या चाळी टँकरची वाट बघत बसतात, त्याच तालुक्यात डाग काढायला इतकं पाणी गटारात सोडणं मला पाप वाटतं. आणि ॲसिडचं धुवण जातं कुठे, तर शेजारच्या वाडीत. पूल बांधूच नये असं म्हणायचा मोह मला होतो. पण मावसभावाचं घर त्याच्यावर चालतं, पानवेलीवर आता चालत नाही, तेव्हा तो मोह मी आवरतो.

ॲसिड आणि ब्लीचिंग एकाच वेळी, एकाच बादलीत किंवा बंद पंप-रूममध्ये एकमेकांशेजारी कधीही आणू नका. त्यातून निघणारा वायू माणूस मारतो. क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडरही एका डब्यात नको, पेट घेतं. हे दोन इशारे काका प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी देतात, पगाराच्याही आधी.

यंदा मावसभावानं बोअरचं पाणी थेट पूलमध्ये सोडलं नाही. गच्चीवरच्या टाकीत वरून धारेनं पाडलं, भोकाभोकाच्या पाइपातून, म्हणजे हवा लागावी. रात्रभर ठेवलं, तळाचं सोडून वरचं घेतलं, आणि वाळूच्या फिल्टरमधून पूलमध्ये. भरायला एक रात्र लागायची तिथे पाच दिवस लागले. टाकीच्या तळाशी चिखलासारखा भगवा गाळ साचला होता, तो त्यानं मला मुद्दाम बोलावून दाखवला.

तुमच्या दारात पूल असेल, किंवा भाड्याच्या बंगल्यासाठी बांधायचा विचार असेल, तर भरण्याच्या आदल्या दिवशी एवढं करा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी बादलीभर घ्या, त्यात चिमूटभर क्लोरीन टाका आणि सकाळपर्यंत झाकून ठेवा. बादली पांढरीच घ्या.